‘शो मी लव्ह’ : तीस वर्षं झाली, तो ऑर्गन काही कानातून जात नाही

रेवाकाठ

परवा लेकीच्या फोनवर बियॉन्सेचं ‘ब्रेक माय सोल’ लागलं होतं. मी ओट्यापाशी होते. सुरुवातीचा ऑर्गन कानावर पडला आणि मी हातातलं लाटणं तसंच धरून बाहेर आले. "अगं, हे आमचं गाणं!" लेक म्हणाली, "आई, हे २०२२ चं आहे. तुमचं कसं असेल?"

तर तिच्यासाठी लिहायला बसले आणि लांबलं, म्हणून इथे धागा काढतेय.

१९९३. मी अकरावीत. आमच्या वाड्यात नुकतीच केबल आली होती आणि स्टारच्या कृपेने एमटीव्ही दिसायला लागलं होतं. रॉबिन एस. नावाच्या बाईंचं ‘शो मी लव्ह’ तिथे पहिल्यांदा ऐकलं. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, पण बाई भांडतेय एवढं नक्की कळलं. पुढे शब्द नीट लागले तेव्हा लक्षात आलं की अख्खं गाणं म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात खाऊन कंटाळलेल्या बाईची तक्रार आहे. वचनं पुरे झाली, आता काय ते करून दाखव. आवाजात कुठे लाडीगोडी नाही. सगळ्या नाचाच्या गाण्यांत मला हेच का चिकटलं, त्याचं उत्तर बहुधा तिथे आहे.

कॅसेट विकत घ्यायला पैसे कुठले? टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरसमोर धरून मी ते भरून घेतलं. घरच्यांना गप्प बसायची ताकीद दिली होती. गाणं ऐन रंगात आलं आणि मोरीतून आईचा आवाज आला, "नळ आला!" तोही भरला गेला. पुढची सात-आठ वर्षं मी हे गाणं ‘नळ आला’सकट ऐकलं. आजही मूळ गाणं ऐकताना त्या जागी काहीतरी गळल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्याचं. हे गाणं १९९३ साली अमेरिकेत बिलबोर्डच्या मुख्य यादीत पाचव्या आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, अमेरिकेच्या क्लबयादीत पहिलं आलं. पण ते १९९३ चं नव्हेच. ॲलन जॉर्ज आणि फ्रेड मॅकफार्लेन या दोघांनी लिहिलेलं हे गाणं चॅम्पियन या ब्रिटिश कंपनीने १९९० सालीच काढलं होतं. बाई तीच, शब्द तेच, चालही तीच. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग स्टॉकहोमच्या एका माणसाने ते नव्याने बांधलं आणि जग नाचायला लागलं.

मग हे गाणं नक्की कुणाचं? मला वाटतं बाईंचं. भांडायला या.

डोंबिवली_स्लो

स्वीडिश गायिका ना ती? छोटे केस, गोरी? मी तर बघितलाय व्हिडिओ.

रेवाकाठ

नाही हो. ती रॉबिन वेगळी. तिचंही ‘शो मी लव्ह’च आहे, पण १९९७ सालचं आणि गाणं पूर्ण निराळं. आमच्या रॉबिन एस. म्हणजे रॉबिन स्टोन, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या. या नामसाधर्म्याने कॅसेटच्या दुकानात माझेही दोनदा पैसे वाया गेलेत.

लेक_मिशिगन

डोंबिवलीकर, तुमचा घोळ वाटतो तेवढा वावगा नाही. दोन्ही गाण्यांचं मूळ एकाच चाळीत सापडतं. ऐंशीच्या दशकात स्टॉकहोममध्ये स्वेमिक्स नावाची डीजे मंडळींची एक टोळी होती, दुसऱ्यांची गाणी घेऊन त्यांची नाचायजोगी रूपं बनवायची. त्यात स्टेन हॉलस्ट्रॉम उर्फ स्टोनब्रिज होता, रेवाताई म्हणतात तो माणूस. आणि त्याच टोळीत डेनिझ पॉप होता. त्याने पुढे शेरॉन स्टुडिओ काढला, मॅक्स मार्टिनला हाताशी धरलं आणि या दोघांनी मिळून १९९७ चं ते दुसरं ‘शो मी लव्ह’ केलं. म्हणजे एकाच टोळीतून एकाच नावाची दोन गाणी निघाली आणि दोन्ही अमेरिकेत पहिल्या दहात गेली.

पेटीमास्तर

धागा बघून राहवलं नाही. मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. या गाण्याचा ऑर्गन ज्या पेटीतून आला ती कॉर्ग एम-वन मी स्वतः वाजवली आहे. आमच्या मालकांनी सेकंडहँड आणली होती, वरची एक पट्टी बसलेली.

एम-वन आली १९८८ ला, जपानहून. तोवर बहुतेक सिंथेसायझर म्हणजे नुसते सूर. ताल दुसऱ्या यंत्रात, भरून ठेवायची सोय तिसऱ्या. या एकाच पेटीत सूर, ढोलाचे आवाज, गुंजन आणि एकावर एक थर रचायची सोय, सगळं. जगभर सुमारे अडीच लाख खपल्या म्हणतात. कारखान्यातून येतानाच तिच्यात शंभर आवाज भरलेले असायचे. त्यातल्या एकाचं नाव ‘ऑर्गन टू’. तोच हा.

चर्चमधला ऑर्गन डोळ्यांसमोर आणू नका. याचा सूर लागायच्या आधी ‘ठक्’ असा बारीक आघात येतो, तबल्याच्या चाटीवर बोट पडावं तसा. पट्टी दाबून धरली तर आवाज अगदीच सामान्य, शाळेच्या प्रार्थनेची पेटी. पण खालच्या सप्तकात डाव्या हाताने पट्टी दाबून लगेच सोडली, तर सूर आणि आघात दोन्ही एकदम मिळतात. म्हणजे बासही तोच आणि ठेकाही तोच. ‘शो मी लव्ह’मध्ये नेमकं हेच आहे. ठोका मात्रेवर पडतो आणि ऑर्गन मात्रेच्या कडेकडेने उड्या मारतो. ढोलपथकात टोल कसा सरळ चालतो आणि ताशा त्याच्या अवतीभवती घुटमळतो, तसं समजा. मिनिटाला साधारण १२० ठोके, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाची पावलं.

स्टोनब्रिजचा किस्सा त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलाय. रिमिक्स करू द्या म्हणून तोच कंपनीच्या मागे लागला होता. पहिलं रूप पाठवलं, ते नापास झालं. मग वैतागून त्याने सगळं काढून टाकलं. फक्त बाईंचा गळा आणि खालचा ठोका ठेवला आणि एम-वनमधला हा तयार आवाज लावून काही तासांत नवं रूप उभं केलं. तेच जगाने ऐकलं.

माझ्या मते गाणं त्याचं. कारण काय काढायचं ते त्याला कळलं. आमच्याकडे उलटं असतं. गाणं पडतंय म्हटलं की मालक ओरडतो, अजून एक ब्रास टाक, अजून एक कोरस टाक.

काडीबहाद्दर

म्हणजे मास्तर, डबा उघडला, रेडीमेड मसाला टाकला आणि ‘माझी भाजी’ म्हणून वाढली. यात कसली आली कला? जपानच्या इंजिनियरला तरी द्या श्रेय.

पेटीमास्तर

द्या की. माझी ना नाही. पण तोच मसाला अडीच लाख घरांत होता आणि भाजी एकाचीच जमली, हेही लिहा.

रेवाकाठ

मास्तर, त्याने सगळं काढलं आणि बाईंचा गळा ठेवला, हे तुम्हीच लिहिलंत. माझा मुद्दा सिद्ध. धन्यवाद. 😀

लेक_मिशिगन

या चर्चेत गाव राहून जातंय. हाऊस, म्हणजे ‘शो मी लव्ह’ ज्या नाचाच्या संगीतात मोडतं ते, केवळ एक ठेका आहे असं धरून आपण बोलतोय. मी शिकागोत राहतो. कामावर जाताना जेफरसन स्ट्रीटवरून जायचा योग येतो, तिथे २०६ क्रमांकाची तीन मजली जुनी इमारत आहे. बघायला गेलात तर काही नाही, विटांची साधी इमारत. १९७७ मध्ये तिथे ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब सुरू झाला आणि फ्रँकी नकल्स हा न्यूयॉर्कहून आलेला डीजे तिथे वाजवायला लागला. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी तरुण. त्यांना दुसरीकडे मोकळेपणाने नाचायची सोय नव्हती. दुकानात लोक विचारायला लागले, ‘वेअरहाऊस’ला वाजतं तसलं काही आहे का? त्याचं झालं ‘हाऊस’. घराशी त्याचा संबंध नाही, गोदामाशी आहे.

आणि हे पुढे का फोफावलं त्यालाही संदर्भ आहे. १२ जुलै १९७९ ला इथल्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधे एका रेडिओवाल्याने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला. लोक मैदानात घुसले, दंगल झाली, यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. वरवर ‘आम्हाला हे संगीत आवडत नाही’ एवढंच. पण ज्या तबकड्या उडवल्या त्या कुणाच्या होत्या ते बघा. कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं. मग उरलेल्यांनी जुन्या तबकड्या आणि स्वस्तात मिळणारी ताल-यंत्रं घेऊन स्वतःच काहीतरी करायला घेतलं. १९८४ पासून तर इथल्या पोरांच्या स्वतःच्या तबकड्या निघायला लागल्या.

‘शो मी लव्ह’चा गळा मात्र शिकागोपेक्षा न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या वळणाचा आहे. तिथल्या हाऊसमध्ये चर्चच्या गायकीचा अंश मोठा. बाई जिथे सूर चढवते तिथे ती प्रियकराला सुनावतेय की देवाला, असा प्रश्न पडावा. आपल्याकडे गौळण आणि अभंग यांच्या सीमेवर असं होतं.

२००४ मध्ये शहराने त्या रस्त्याच्या तुकड्याला फ्रँकी नकल्सचं नाव दिलं. पाटी आहे. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दुकानाची जाहिरात समजलो होतो.

काडीबहाद्दर

हे सगळं ठीक आहे. पण हाऊसचा खरा जनक आपल्या मुंबईचा. चरणजीत सिंग, १९८२, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर. शिकागोवाल्यांच्या पाच वर्षं आधी तोच टीबी-३०३ (बासचा सिंथेसायझर), तोच टीआर-८०८ (ताल-यंत्र). पण आपल्याला आपल्या माणसाची किंमत नाही.

लेक_मिशिगन

आलंच हे. वाटच बघत होतो.

तबकडी अस्सल आहे, कौतुक करावं तेवढं थोडं. सिंग साहेब हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे कलाकार, नवी यंत्रं हौसेने आणली आणि भैरवपासून एकेक राग घेऊन वाजवले. १९८७ साली शिकागोत ‘ॲसिड ट्रॅक्स’ निघालं त्याच्याशी साम्य ऐकून कान टवकारतात हेही खरं. पण त्या काळी ती तबकडी कुणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये पुन्हा काढली तेव्हा जगाला कळली. जी शिकागोत कुणाच्या कानी पडल्याचा पुरावा नाही, तिला जनक कसं म्हणणार? एकच यंत्र दोन गावांत पोचलं आणि दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी त्याचे कान पिळले. मला ते जास्त मजेचं वाटतं. २०१५ मध्ये ते गेले. त्याआधी युरोपातल्या महोत्सवांत पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं, हे बरं झालं.

काडीबहाद्दर

ठीक. जनक नाही, चुलता म्हणा.

अनुराधा_कायदेवाली

चुलता मान्य. 😀

गाणं कुणाचं या प्रश्नाला एक काळी बाजू आहे. त्या काळात हाऊसच्या गाण्यांत गळा एकीचा आणि चेहरा दुसरीचा हा प्रकार सर्रास चालायचा. इटलीच्या ‘ब्लॅक बॉक्स’ची गाणी आठवा. व्हिडिओत एक सडपातळ मॉडेल ओठ हलवतेय आणि आवाज आहे मार्था वॉश यांचा. मग ‘सी अँड सी म्युझिक फॅक्टरी’चं १९९० च्या शेवटी आलेलं गाणं, ते तर अमेरिकेत पहिलं आलं. त्यातही गळा मार्थाबाईंचा आणि पडद्यावर दुसरीच. का? बाई अंगाने स्थूल होत्या. त्या कोर्टात गेल्या, तडजोड झाली आणि तेव्हापासून गायिकेचं नाव लिहिण्याबाबत अमेरिकन कंपन्या सावध झाल्या.

‘शो मी लव्ह’ला हे झालं नाही. बाईंचा गळा, बाईंचं नाव, बाईंचाच चेहरा. १९९३ मध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

आपल्याला हे परकं वाटू नये. १९४९ च्या ‘महल’मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! गायल्या होत्या लताबाई. पुढे रॉयल्टीवरून लताबाई आणि रफीसाहेबांचं बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. गाण्याच्या मिळकतीत गाणाऱ्याचा वाटा किती, हा वाद आपण घरात बसून बघितलाय. कायदा बदलायला २०१२ उजाडलं.

त्यामुळे रेवाताई, भावनेने गाणं बाईंचं. कागदावर मात्र ते लिहिणाऱ्या दोघांचं आहे. नव्या गाण्यात ती चाल वापरली की हक्काचा पैसा आधी जॉर्ज आणि मॅकफार्लेन यांच्या बाजूला जातो. बाईंचा मूळ आवाज उचलला, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्या कंपनीकडे असेल तिची परवानगी. रिमिक्स करणाऱ्याला त्या काळी बहुतेक वेळा एकरकमी मेहनताना मिळायचा, विषय संपला. आणि ऑर्गन टू? आवाजाच्या पोताला कॉपीराइट नसतो. हार्मोनियमचा आवाज माझ्या मालकीचा, असं कुणी म्हणू शकत नाही.

म्हापशेकार

गोव्याचा विषय निघाला नाही याचं नवल वाटलं. त्याच वर्षांत हणजुण्याच्या किनाऱ्यावर ट्रान्स चालायचं, तासन् तास, गळा नाही, शब्द नाहीत. हाऊस आमच्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये आलं. क्रूझवर काम करणारे दर्यावर्दी पोरगे सीडी घेऊन यायचे आणि बँडवाल्याला द्यायचे. ‘शो मी लव्ह’ला म्हातारी माणसंसुद्धा जोडीनं उठायची. शब्द असले की मनीस नाचता. बस, येवढंच.

पार्थ_२००४

वयाने लहान आहे, सांभाळून घ्या. माझ्या पिढीला हे गाणं कुठून कुठून भेटलं ते सांगतो.

स्टीव्ह अँजेलो आणि लेडबॅक ल्यूक यांनी २००९ मध्ये आपल्या वाद्यधूनेवर बाईंचा आवाज बसवला, ब्रिटनमध्ये अकराव्या क्रमांकावर गेलं. २०११ ला जेसन डेरुलोने तो ऑर्गन घेतला, वर हॅरी बेलाफाँटेच्या केळीवाल्या कामगारांच्या गाण्याची ओळ लावली आणि ब्रिटनमध्ये पहिला आला. ऐकताना मला अजून कसंतरी होतं. २०१३ ला किड इंक नावाच्या रॅपरने घेतलं. २०१५ ला सॅम फेल्डने गाणं संथ करून, ऑर्गन काढून, समुद्रकिनाऱ्याला साजेसं केलं, ब्रिटनमध्ये चौथा क्रमांक. २०२२ ला चार्ली एक्ससीएक्सने उचललं आणि त्याच वर्षी बियॉन्से.

यातलं एकही मला मूळ गाण्याइतकं धारदार वाटत नाही. सॅम फेल्डच्या गाण्यात तर भांडणच संपलेलं आहे. ती बाई काही मागत नाहीये, सूर्यास्त बघतेय.

आणि मास्तर, एम-वन आता आयपॅडवर ॲप म्हणून मिळते. मी काल उतरवून घेतली. ऑर्गन टू लावला, डाव्या हाताने खाली दाबून सोडलं, तुम्ही सांगितलंत तसं. आजी बाहेरून म्हणाली, "कोण दार ठोठावतंय बघ रे."

पेटीमास्तर

आजींचे कान शाबूत आहेत. तो ‘ठक्’ हाच.

लेक_मिशिगन

बियॉन्सेबद्दल एक दुरुस्ती करायला हवी. तिच्या गाण्यात ‘शो मी लव्ह’चा तुकडा कापून लावलाय असं सगळीकडे छापून आलं. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा त्यात नाही. ऑर्गनचा पोत आणि वळण तेच आहे. तरी गाणं आलं तेव्हा श्रेयनामावलीत जॉर्ज आणि मॅकफार्लेन यांची नावं होती. अनुराधाताईंनी वर लिहिलेलं सगळं एका गाण्यात बघायला मिळतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ते बिलबोर्डवर पहिलं आलं. मूळ गाणं पाचव्यावर थांबलं होतं.

रेवाकाठ

आणि बाईंना हे कसं कळलं माहितेय का? मुलाचा फोन आला, आई, तू सगळीकडे ट्रेंड होतेयस. साठीच्या उंबरठ्यावरची बाई. टीव्हीवर येऊन तिने बियॉन्सेचे आभार मानले. मी जिवंत असतानाच मला माझी फुलं मिळाली, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. नाहीतर आपण हार आणतो ते थेट फोटोला घालायला.

अनुराधा, कागदावर गाणं कुणाचं ते कळलं. मी हरले. पण लोकांनी फोन केला तो बाईंना. कॉर्ग कंपनीच्या दारात कुणी माइक घेऊन गेलं नाही.

काडीबहाद्दर

जायला हवं होतं.

पेटीमास्तर

रेवाताई, मी माझं मत थोडं बदलतोय. काल रात्री १९९० चं मूळ रूप शोधून ऐकलं. तीनदा. मागे वाद्यांची दाटी आहे आणि बाईंना मधेमधे जागा शोधावी लागतेय. गळा मात्र तिथेही तेवढाच तापलेला आहे. म्हणजे आग आधीपासून होती, वरचं पातेलं स्टोनब्रिजने उतरवलं. निम्मं निम्मं करू.

आता त्या ‘नळ आला’वाल्या कॅसेटचं काय ते सांगा. इथे चढवा, आम्हाला ऐकायचंय.

डोंबिवली_स्लो

+१. तेच खरं रिमिक्स.

रेवाकाठ

माळ्यावर सापडली. वर माझ्या अकरावीच्या अक्षरात ‘शो मी लव – टीव्हीवरून – पुसू नये’ असं लिहिलंय. फीत ठीक दिसतेय, फक्त एका बाजूची चकती पेन्सिल घालून दोनदा फिरवावी लागली.

वाजवायला काही नाही. नाशकात कुणाकडे चालू टेपरेकॉर्डर आहे का? रविवारी घेऊन येते.